कीबोर्डवर वाजवलेली चाल नोटेशनमध्ये दर वेळी विस्कटते? आधी सोळा ठोके वाजवून बघा

लक्षण असं. घरी कीबोर्ड लॅपटॉपला जोडलेला, क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) लावलेला, मुखडा नीट तालात वाजवून रेकॉर्ड केलेला. ऐकायला छान वाटतो. पण तोच मुखडा स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत, उघडला की पानभर बारीक शेपट्यांचे स्वर, बारच्या (दोन उभ्या रेघांमधल्या घराच्या) सुरुवातीलाच थर्टीसेकंडचा, म्हणजे मात्रेच्या आठव्या भागाचा, रेस्ट (विराम), साध्या एका मात्रेच्या स्वराला दोन-दोन टाय (तुकडे जोडणाऱ्या कमानी). तुम्ही चार सेटिंग बदलता, त्या दिवशी सुटतं. महिन्याभरानं नवीन काम घेऊन बसलात की पुन्हा तेच.

मी नाटकांना आणि अभंग-भावगीतांच्या कार्यक्रमांना संगीत देते आणि व्हायोलिन, चेलो, बासरीचे पार्ट स्वतः लिहिते. सामान साधंच आहे: एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड, दोन इनपुटचं साउंड कार्ड, लॅपटॉप, एक माइक आणि वायरचा हेडफोन. हा त्रास मी कितीतरी वर्षं काढला. एकदा रात्री दोनला पार्ट छापून सकाळच्या रेकॉर्डिंगला घेऊन गेले. व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या ज्येष्ठ वादकांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी पान हातात घेतलं, चष्मा सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "अगं, हे वाचायला दिलंयस की मोजायला?" चाल त्यांनी माझ्याकडून एकदा गाऊन घेतली आणि पान उलटं ठेवून वाजवली. बाकीच्या पाच जणांना मात्र ते जमण्यासारखं नव्हतं. स्टुडिओचा पाऊण तास पेन्सिलीनं पार्ट दुरुस्त करण्यात गेला.

तेव्हापासून या एकाच गोष्टीचा मी पिच्छा पुरवला. "सॉफ्टवेअरला आपलं संगीत कळत नाही" असं बरेच जण म्हणतात, मीही म्हणायचे. ते खरं नाही. बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडलेल्या असतात आणि कागदावर तिन्ही सारख्याच दिसतात. म्हणून एक सुधारली तरी फरक पडल्यासारखा वाटत नाही आणि आपण भलतीकडेच बटणं फिरवत बसतो.

आधी चाचणी

नवीन फाइल उघडा. ४/४, लय क्वार्टरला ९० (क्वार्टर म्हणजे इथे एक मात्रा, मिनिटाला ९०). क्लिक लावा आणि एकाच पट्टीवर, समजा मधल्या सा वर, सोळा क्वार्टर वाजवा. दागिने, म्हणजे कण-मुरक्या, नाहीत, पेडल नाही. क्वांटाइज, म्हणजे स्वर आपोआप जवळच्या ठोक्याला चिकटवणं, पूर्ण बंद ठेवा. मग नोटेशन बघू नका. पियानो रोल (वाजवलेले स्वर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारी खिडकी) किंवा इव्हेंट लिस्ट उघडा आणि प्रत्येक स्वर ठोक्यापासून किती टिक पुढे-मागे पडलाय ते वाचा. बहुतेक ठिकाणी एका क्वार्टरचे ४८० टिक असतात. ९० च्या लयीत क्वार्टर ६६७ मिलिसेकंदांचा, म्हणजे एक टिक साधारण १.४ मिलिसेकंद.

आता तीनपैकी एक चित्र दिसेल. सगळे स्वर जवळपास सारखेच उशिरा, म्हणजे ३०, ३३, ३१, ३५ टिक असे असतील तर दोष यंत्रणेच्या उशिराचा आहे, हात निर्दोष. काही पुढे काही मागे, म्हणजे उणे १५, अधिक २०, उणे ८ असे असतील तर ते माणसाचं वाजवणं आहे. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, फक्त जाळी, म्हणजे स्वर किती बारीक घरांना चिकटवायचे ते, नीट निवडायची. आणि सोळाऐवजी बत्तीस स्वर दिसले तर कीबोर्ड दोन वाटांनी आत येतोय.

हा तिसरा प्रकार लगेच निकालात काढू. काही कीबोर्ड एका यूएसबी वायरवरून दोन पोर्ट दाखवतात, एक स्वरांसाठी आणि एक बटणं-स्लायडरसाठी. काही जण यूएसबीबरोबर जुनी पाच पिनांची मिडी वायरही (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठली पट्टी कधी दाबली याचे संदेश) लावून ठेवतात. सेटिंगमध्ये 'सर्व इनपुट' निवडलेलं असेल तर एकच स्वर दोनदा नोंदला जाऊ शकतो. एकच इनपुट ठेवा. नोटेशन बरोबर आहे पण आवाज जाड, दोन वाद्यं एकत्र वाजल्यासारखा येतोय, तर ती वेगळी गोष्ट: कीबोर्डचा स्वतःचा आवाज आणि सॉफ्टवेअरचा आवाज दोन्ही ऐकू येताहेत. कीबोर्डच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' बंद करा.

उशीर कुठून येतो

पहिलं चित्र दिसलं तर थोडा हिशोब समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा वेळ जातो. क्लिक कॉम्प्युटरमध्ये तयार होतो, बफरमध्ये (आवाजाच्या तात्पुरत्या साठ्यात) साठतो, साउंड कार्डातून निघतो आणि मग कानावर पडतो. तुम्ही ऐकलेल्या क्लिकवर बरोबर वाजवता. पण कॉम्प्युटरच्या हिशोबात तो क्लिक आधीच होऊन गेलेला असतो. तुमचा तालात पडलेला स्वर त्याच्या वहीत उशिरा लिहिला जातो.

४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, आणि १०२४ म्हणजे २१.३. आत येताना आणि बाहेर जाताना, शिवाय ड्रायव्हरचा स्वतःचा वेळ, असं धरलं तर १०२४ वर चाळीस-पन्नास मिलिसेकंद सहज होतात. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर तर सहसा शंभर-दोनशेच्या घरात असतो. मिडीच्या वायरवर उगाच संशय घेऊ नका. मिडीचं मानक १९८३ चं असलं तरी जुन्या पाच पिनांच्या वायरवरूनही एका स्वराचा संदेश जायला एक मिलिसेकंदसुद्धा पुरतो.

चाळीस-पन्नास मिलिसेकंद ऐकायला नगण्य वाटतात. कागदावर काय होतं ते एका बारमध्ये बघू. समजा चाल अशी आहे: पहिल्या मात्रेला ग, दुसऱ्या मात्रेत रे आणि ग अर्धा-अर्धा, मग प दोन मात्रा. कागदावर एक क्वार्टर, दोन एट्थ, एक हाफ. शाळकरी मुलगीही वाचेल. आता सगळे स्वर ४५ मिलिसेकंद उशिरा आहेत आणि सॉफ्टवेअरला तुम्ही थर्टीसेकंडपर्यंत बारीक बघायला सांगितलंय. ९० च्या लयीत थर्टीसेकंड ८३ मिलिसेकंदांचा, त्याचा अर्धा ४२. चाळीसच्या आत असता तर स्वर मागच्या ठोक्याला चिकटला असता. ४५ वर तो पुढच्या घरात ढकलला जातो. मग बार सुरू होतो थर्टीसेकंडच्या रेस्टनं. ग होतो डबल डॉटेड एट्थ, त्याला टायनं जोडलेला थर्टीसेकंड. रे होतो डॉटेड सिक्स्टीन्थ, टाय, थर्टीसेकंड. दुसरा ग तसाच. प चे तीन तुकडे होतात आणि शेवटचा तुकडा पुढच्या बारमध्ये सांडतो. चार स्वरांची नऊ चिन्हं, पाच टाय आणि एक रेस्ट. काकांच्या हातात मी जे दिलं होतं ते नेमकं हे होतं.

उपाय फार अवघड नाही. वायरचा हेडफोन लावा, तोही साउंड कार्डात. विंडोजवर असाल तर साउंड कार्डाच्या कंपनीनं दिलेला आसिओ ड्रायव्हर निवडा. विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडलेला राहिला तर बफर कमी करूनही हवा तेवढा फरक पडत नाही. मॅकवर हा प्रश्न येत नाही. रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा. तरीही सगळे स्वर सारखेच दहा-पंधरा टिक उशिरा राहिले तर ते भरून काढता येतात. डोरिको या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगसाठी लेटन्सी कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे उशीर वजा करण्याचा, आकडा देता येतो. इतर ठिकाणी पियानो रोलमध्ये सगळे स्वर निवडून तेवढे टिक मागे सरकवा, मगच क्वांटाइज करा. क्रम उलटा केलात तर उशीर कायमचा लिहिला जातो.

एक गोष्ट अनुभवातून सांगते. वाजवताना सॉफ्टवेअरमधल्या व्हायोलिनचा आवाज ऐकत असाल आणि तो उशिरा येत असेल तर हात नकळत पुढे पळायला लागतो. मग चाचणीत आकडे सारखे न येता विखुरलेले येतात आणि आपल्याला वाटतं आपणच लयीत कच्चे आहोत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीला मी दोन आठवडे लयीचा रियाज करायला लावला होता. दोष तिच्या ब्लूटूथ हेडफोनचा होता. आकडे विखुरलेले दिसले तर निकाल देण्याआधी कीबोर्डचा स्वतःचा पियानो ऐकत चाचणी पुन्हा घ्या.

त्याच मेनूत सॅम्पल रेटही बघून ठेवा. तानपुऱ्याची फाइल अचानक पाऊण सुरानं वर गेल्यासारखी आणि जलद वाटत असेल तर ४४,१०० ची फाइल ४८,००० नं वाजते आहे. वाद्य जुळवत बसू नका.

जाळी किती बारीक

उशीर गेला तरी निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे क्वांटाइजची जाळी, आणि इथे आपण कॉम्प्युटरकडे चुकीचा आग्रह धरतो. वाटतं, जितकी बारीक जाळी तितकं अचूक नोटेशन. होतं उलट. बारीक जाळी तुमच्या बोटांची हालचाल लिहिते. वाचणाऱ्याला चाल हवी असते.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे ॲरेंजर, म्हणजे चाल वाद्यांसाठी लिहून देणारे, होते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून स्टाफ नोटेशन शिकवलं जाई, त्यामुळे ही लिपी तिथल्या वादकांच्या हातात बसलेली असे. ऐकलेली चाल कागदावर उतरवताना लिहिणारा माणूस प्रत्येक ठिकाणी ठरवत असतो की हा स्वर कुठल्या मात्रेचा आहे, गायकानं तो जरा मागून घेतला असला तरी. तो निर्णय आपल्याला सॉफ्टवेअरला आधीच सांगावा लागतो.

तो कसा ठरवायचा? मला सापडलेला मार्ग आपल्याच घरातला आहे. कीबोर्डला हात लावण्याआधी मुखडा भातखंडे लिपीत वहीवर लिहा. पाच मिनिटांचं काम. त्यात एका मात्रेतले स्वर खाली अर्धचंद्र काढून एकत्र बांधतात. पानभर बघा, एका अर्धचंद्रात जास्तीत जास्त किती स्वर आहेत? दोन असतील आणि मात्रा क्वार्टर धरली असेल तर जाळी एट्थची. चार असतील तर सिक्स्टीन्थची. कुठे तीन असतील तरच ट्रिप्लेटला परवानगी द्या, नाहीतर ते बंद ठेवा. उगाच चालू ठेवलेले ट्रिप्लेट लडखडणाऱ्या केहरव्यात जागोजागी उगवतात. ९० च्या लयीत सिक्स्टीन्थ १६७ मिलिसेकंदांचा, म्हणजे ८३ पर्यंत चूक पोटात घेतो. माणसाच्या हाताला तेवढी मोकळीक पुरते. लय १६० वर गेली की हीच मोकळीक ४७ वर येते, तेव्हा जलद चाली अर्ध्या लयीत वाजवून रेकॉर्ड करा आणि नंतर टेम्पो वाढवा. मिडी असल्यानं सूर बदलत नाही.

हे सेटिंग सिबेलियस या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये फ्लेक्सी-टाइमच्या (वाजवून रेकॉर्ड करण्याच्या सोयीच्या) पर्यायांत 'किमान लांबी' म्हणून सापडतं. डोरिकोमध्ये रेकॉर्ड केल्यानंतरही रीक्वांटाइज करता येतं, म्हणून तिथे घाबरायचं कारण नाही.

आता ताल. नवीन फाइल ४/४ मध्येच उघडते आणि आपण दादरा वाजवायला बसतो. सहा मात्रांचं आवर्तन चारच्या बारमध्ये पडलं की दर दुसऱ्या बारला टाय येणारच. त्याला क्वांटाइज काय करणार? मध्य-द्रुत दादरा ६/८ मध्ये, सावकाश असेल तर ३/४ मध्ये. रूपक ७/४ किंवा ७/८, पण बीमची (शेपट्या जोडणाऱ्या आडव्या रेघांची) बांधणी ३+२+२ सांगून. झपताल १०/८ मध्ये २+३+२+३. बांधणी सांगितली नाही तर सॉफ्टवेअर स्वतःच्या मनानं गट पाडतं आणि वादकाचा जोर भलत्याच मात्रेवर पडतो.

पेटीची सवय

ज्यांचा हात हार्मोनियमवर घडलाय त्यांच्यासाठी हा भाग. पेटीवर आपण पुढची पट्टी दाबल्याशिवाय मागचं बोट उचलत नाही, सलगता त्यातूनच येते. कीबोर्डवरही हात तसाच चालतो. कॉम्प्युटरला मात्र त्या क्षणी दोन स्वर एकत्र दाबलेले दिसतात, आणि तो कधी दोन स्वरांचा कॉर्ड लिहितो, कधी दुसरा व्हॉइस (त्याच ओळीत स्वरांची वेगळी रांग) उघडून खाली-वर रेस्टची रांग लावतो. हात बदलू नका, ती तुमची कमाई आहे. रेकॉर्ड झाल्यावर पियानो रोलमध्ये ओव्हरलॅप काढण्याची आज्ञा असते ती द्या, किंवा सगळे स्वर पुढच्या स्वरापर्यंत कापा. मग क्वांटाइज.

दुसरं, कणस्वर. ग वर जाताना आपण म ला जेमतेम स्पर्श करतो, पन्नास-साठ मिलिसेकंद. जाळीत तो अख्खा सिक्स्टीन्थ होऊन बसतो आणि मुख्य स्वराला जागेवरून हुसकावतो. भातखंडे लिपीत कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक लिहितात, मात्रेत त्याला वेगळी जागा देत नाहीत. स्टाफमधली ग्रेस नोट नेमकी तीच. म्हणून क्वांटाइजच्या आधी साठ-सत्तर मिलिसेकंदांपेक्षा छोटे स्वर गाळा आणि नंतर हवे तिथे ग्रेस नोट हातानं घाला. मुरकी हातानंच लिहा. मींड तर पिच बेंडच्या चाकावर वाजवली तरी स्टाफवर उमटत नाही. तिथे ग्लिसांडोची रेघ किंवा स्लर काढून पार्टवर दोन शब्द लिहिलेले बरे.

ट्रान्सपोजचं बटणही तपासा. काळी एकमध्ये गाणाऱ्यांसाठी आपण पांढरी एकमध्ये वाजवतो आणि बटणानं अर्धा सूर चढवतो. काही कीबोर्ड चढवलेला स्वर बाहेर पाठवतात, काही फक्त आवाज चढवतात. आपला कुठला हे एकदा बघून ठेवा. आणि काळी एकचे पार्ट सात शार्पमध्ये देऊ नका, पाच फ्लॅटमध्ये द्या. वाद्यवृंदातली माणसं मनातून आभार मानतील.

पुन्हा का उलटतं

माझ्याकडे याचं उत्तर मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मिक्सिंग करताना व्हायोलिनचे जड सॅम्पल तडतडायला लागले की मी बफर १०२४ वर नेते. ते बरोबरच आहे. पण हा आकडा साउंड कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये राहतो, गाण्याच्या फाइलमध्ये नाही. तीन आठवड्यांनी नवी चाल घेऊन बसते तेव्हा तो तसाच असतो. मध्ये एखादा व्हिडिओ कॉल होतो आणि आवाजाची वाट ब्लूटूथकडे वळते. साफसफाईत कीबोर्डची वायर दुसऱ्या यूएसबीला लागते आणि इनपुटची निवड 'सर्व' वर परत जाते. यातलं काहीही आपल्याला कुणी सांगत नाही.

म्हणून आता टेबलाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: बफर, हेडफोन, एकच इनपुट, ताल. आणि डेस्कटॉपवर 'शून्य चाचणी' नावाची फाइल, तीत सोळा ठोक्यांचा क्लिक तयार. कामाला बसताना आधी ती उघडते. वीस सेकंद लागतात, तानपुरा जुळवण्यापेक्षाही कमी.

आधीच विस्कटलेल्या फाइली असतील तर एक सावधगिरी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास थांबत असल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून जुनी कामं म्युझिकएक्सएमएल (एका सॉफ्टवेअरमधलं नोटेशन दुसऱ्यात नेणारी फाइल) करून दुसरीकडे नेणं सुरू आहे. म्युझिकएक्सएमएल लिहिलेलं नेतं, वाजवलेलं नाही. नऊ चिन्हांचा तो बार तिकडेही नऊ चिन्हांचाच पोचेल आणि तो पुन्हा क्वांटाइज करता येणार नाही. मूळ मिडी फाइल असेल तर ती जपून ठेवा आणि तीच नव्या ठिकाणी नीट जाळी देऊन उघडा. मिडी हाती नसेल तर स्वर पुन्हा भरणं लवकर होतं, दुरुस्ती नव्हे.

भरायचंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन पानांपर्यंतचं काम स्टेप इनपुटनं करा. लांबी निवडायची, पट्टी दाबायची, पुढे जायचं. म्यूझस्कोरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ही सोय उत्तम आहे. तिथे क्लिक नाही, त्यामुळे उशिराचा प्रश्नच येत नाही. वाजवून रेकॉर्ड करणं मी चाल सुचत असताना वापरते, ती निसटू नये म्हणून. पार्ट मात्र स्टेपनं.

पार्ट छापायच्या आधी पान हातात घ्या, मांडीवर ताल धरा आणि फक्त कागदावर लिहिलंय तेवढंच म्हणा, आठवणीतली चाल बाजूला ठेवून. जिथे ताल धरलेला हात थबकला त्या बारवर पेन्सिलीनं खूण करा आणि त्या बारचा पियानो रोल उघडा.